भिंगरी अपडेट: नववा आठवडा, आणि मागून सुसाट आलेले ते तिघे

मंडळी, मागच्या नोंदीत मी मोठ्या तोंडाने लिहिलं होतं की माझी पोनी भिंगरी आता ग्रुपमध्ये शहाण्यासारखी चालते. शब्द मागे घेते.

रविवारी पाच जण निघालो. पहिली वीस मिनिटं एकदम मस्त, लगाम सैल, मान खाली, मधूनच एखादं फुरफुर, मला वाटलं जमलं बाई. आणि मग मागच्या तिघांनी एक शब्द न बोलता कँटर (चौखूर धावेच्या खालची दौड) लावला आणि आमच्या दोन्ही बाजूंनी सुसाट पुढे गेले, इतके जवळून की एकाची रिकीब माझ्या रिकिबीला घासली. भिंगरीने जागच्या जागी दोन गिरक्या घेतल्या (नाव मीच ठेवलंय, तक्रार कुणाकडे करणार), एक दुगाणी झाडली आणि मुंडी खाली घालून त्यांच्या मागे सुटली. मी पडले नाही, पण त्यात माझं काही कौतुक नाही, तिच्या गळ्यात पट्टा होता तो हाताला लागला म्हणून वाचले.

नवीन वाचणाऱ्यांसाठी: भिंगरी पोनी, म्हणजे लहान चणीची घोडी, उंची १३ हँड (घोड्याची उंची मोजायचं माप), म्हणजे साधारण १३२ सेंमी, वय नऊ. एकटी नेली तर सोन्यासारखी. ग्रुपमध्ये मात्र अंगात येतं. "एवढंसं तट्टू आवरत नाही होय" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यावर हसूही येत नाही. अशा जाड आखूड मानेच्या पोनीने एकदा मुंडी खाली खेचली की आपले दंड काय कामाचे ते बसून बघा.

तर झालं काय. घोडा कळपातलं जनावर, पुढचे पळाले म्हणजे मागे काहीतरी लागलंय एवढंच त्याला कळतं. त्यात त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं पण बरोबर शेपटीमागचं दिसत नाही, म्हणजे भिंगरीला आधी नुसत्या टापा ऐकू आल्या आणि मग अचानक दोन्ही बाजूंना घोडे उगवले. हिला मस्ती चढली असं तो रिकीब घासणारा नंतर म्हणाला. मी उतरल्यावर दहा मिनिटांनी जबड्याखाली बोट ठेवून नाडी मोजली, १५ सेकंदांत २४, म्हणजे मिनिटाला ९६. शांत उभ्या घोड्याची २८ ते ४४ असते, पोनीची थोडी जास्त, आणि भिंगरी एरवी एवढ्या पळण्यानंतर दहा मिनिटांत साठच्या आसपास येते. मला तरी ही मस्ती वाटत नाही हो, घाबरली होती ती.

आता माझ्या चुका, कारण त्याही आहेतच. टापा ऐकल्याबरोबर मी श्वास रोखला, गुडघे आवळले आणि दोन्ही लगाम घट्ट ओढून धरले. तिघे बाजूला यायच्या आधीच मी तिला सांगून टाकलं की काहीतरी भयंकर येतंय! आणि लगाम सारखा ओढून धरला की तिला टेकायला आधार मिळतो, मग ती दिवसभर ओढू शकते, मी नाही. क्षणभर धरायचा, सोडायचा, परत धरायचा, हे मला तोंडपाठ आहे पण ऐन वेळी हात विसरतात.

थांबवलं कसं, तर नशिबाने डावीकडे मोकळं मैदान होतं. मोठा गोल घेतला, मग हळूहळू लहान, तिसऱ्या फेरीला ट्रॉटवर (दुडक्या चालीवर) आली. एका लगामाने डोकं खेचून वळवणं चालीत किंवा हळू ट्रॉटमध्ये ठीक, पण भरधाव असताना करू नका, तोल जाऊन घोडा तुमच्यासकट आडवा होऊ शकतो. वळायला जागाच नसेल तर एक लगाम आखूड करून ती मूठ मानेवर आयाळीत घट्ट रोवायची आणि दुसरा लगाम वर-मागे खेचून लगेच सोडायचा. हे रिंगणात हळू चालीत आधी करून ठेवा, पळताना पहिल्यांदा सुचत नाही.

"कडक बिट (लगामाचा तोंडातला धातूचा भाग) घाल" हा सल्ला देणाऱ्यांनो, घातलं होतं, चौथ्या आठवड्यात, पेलहॅम, म्हणजे तरफेसारखा जोर लावणारं बिट. त्याआधी दात आणि खोगीर दोन्ही तपासून घेतलं, त्यात काही निघालं नाही. बिटने एवढंच झालं की पुढे पळायच्या ऐवजी ती डोकं झटकत मागच्या पायांवर उठायला लागली. एका राइडमध्ये परत स्नॅफलवर, म्हणजे साध्या, तरफ नसलेल्या बिटवर आले. कुणाच्या घोड्याला चालत असेलही. सुट्टीच्या दिवशी चंदी कमी केली आणि मोकळं जास्त वेळ सोडलं, त्याचा फरक मात्र नक्की पडला.

खरा उपयोग होतोय तो मैत्रिणीबरोबरच्या पुढे-मागे खेळाचा. ती तिच्या घोड्यावरून चालीत, चार-पाच मीटर लांबून मला ओलांडते, पुढे जाऊन थांबते, मग मी तिला ओलांडते, असं वीस मिनिटं. सुरुवातीला तिचा घोडा दहा पावलं पुढे गेला की भिंगरीची मान ताठ आणि कान टवकारलेले, सहाव्या दिवशी चाळीस पावलांपर्यंत गेलो. मग तेच ट्रॉटवर. पुढचा घोडा निघाला की मी तिला लगेच काम देते, दोन पावलं आडवी, थांब, परत चाल. नुसतं धरून ठेवलं की ती उकळायला लागते. वाट फुटते तिथे वेगळं होऊन पुढे परत भेटायचं, हे अजून कच्चं आहे. खिंकाळून जीव काढते माझा.

राहिली माणसं. पूर्वी मी निघताना "जरा हळू जाऊ या हं" म्हणायचे. आता प्रत्येकाचं हळू वेगळं, एकाचं हळू म्हणजे माझं चौखूर. म्हणून आता घोड्यावर बसायच्या आधीच सांगते: कँटरआधी विचारायचं आणि सगळे हो म्हणाले तरच, ओलांडायचं ते चालत, मध्ये किमान एका घोड्याचं अंतर, आणि फाटक लावणारा परत खोगिरावर बसेपर्यंत कुणी हलायचं नाही. यावर एक जण म्हणाला, तयार नसलेला घोडा ग्रुपमध्ये आणूच नये. अर्धं खरं आहे. पण मग तयार करायचा कुठे? रविवारनंतर शेपटीला लाल रिबन बांधली, म्हणजे ही लाथ मारते, लांब राहा. तर परवा एक बाई थेट मागे येऊन चिकटल्या आणि म्हणाल्या, रिबन किती गोड दिसतेय, कुठून घेतली?

या आठवड्यात तिघेच गेलो. मैत्रिणीने विचारून शंभरेक मीटर कँटर केला, भिंगरी तीन पावलं आडवी नाचली, मग जोरात फुरफुरली आणि गवताकडे तोंड वळवलं. गवत खाऊ दिलं नाही, पण मान मनसोक्त खाजवली. रविवारी चौथा घोडा येतोय, स्वार कँटरचा शौकीन आहे पण विचारतो. बघू.