माजघरातली काचेची कौलं

राजापूरजवळच्या मावशीच्या घराचं काम हातात घेतलं तेव्हा मी एकच हट्ट धरला होता. जांभ्याला आतून-बाहेरून गिलावा करायचा नाही. जांभ्याचा चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वारा लागला की टणक होत जातो. तो तांबूस, छिद्राछिद्रांचा दगड मला फार आवडतो. खाणही गावातलीच, त्यामुळे वाहतुकीचं डिझेलही वाचलं.

घर उभं राहिलं. जूनमध्ये गेले तर भर दुपारी माजघरात ट्यूब चालू. मावशी म्हणाली, "अगो, तांदूळ निवडायला बसले तर खडा दिसत नाही."

चूक माझी होती. माजघराला खिडकी नाही, पुढे ओटी आणि मागे स्वयंपाकघर. दारांतून येईल तो उजेड गडद, खडबडीत जांभा गिळून टाकत होता. जुन्या घरांत आतल्या भिंतींना चुना असायचा, तो काही उगाच नाही.

मग चुन्याची कळी पिंपात विझवली, आठवडाभर मुरू दिली, गाळून थोडा डिंक घातला आणि तीन भिंतींना तीन हात दिले. चौथी तशीच ठेवली, तेवढा मोह सुटला नाही. छपराच्या उत्तरेकडच्या उतारावरची दोन कौलं काढून त्याच मापाची काचेची बसवली. दक्षिणेकडे बसवली असती तर ऑक्टोबरच्या उन्हात माजघर तापलं असतं. मे महिन्यात मात्र सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा उत्तर-दक्षिण सारखंच. तेवढे दिवस मावशी खालून जुन्या धोतराचं पान बांधते.

रात्रीसाठी साठ वॅटच्या जुन्या बल्बइतका उजेड नऊ वॅटचा एलईडी देतो. पण आमचं आढं उंच, बल्ब वर लावला की उजेड वरच विरतो. तो वाशावरून वायरीने खाली सोडला. अंतर निम्मं केलं की खाली पडणारा उजेड जवळपास चौपट होतो. उजेडाचा रंग 2700 केल्विनचा, म्हणजे पिवळसर घेतला, कारण निळसर पांढऱ्या उजेडात जांभा राखाडी, मेल्यासारखा दिसतो.

सकाळी देवघरापाशी पडलेली तिरीप सरकत सरकत दुपारी जात्याजवळ येते. मावशी सूप घेऊन तिच्या मागोमाग पाट सरकवते.