आज वारा आहे, काचा उद्या

सोलापुरात येऊन बारा दिवस झाले आणि बाराव्या दिवशी माझ्या धंद्यावरून घरात वाद झाला. धाकट्या भावाने जुळे सोलापुरात चादरी-टॉवेलचे नवे दुकान घातले आहे. दोन मजले, आणि रस्त्याच्या बाजूने वरपासून खालपर्यंत काच. उद्घाटन दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला होते आणि त्या काचेवर रंगाचे शिंतोडे, सिलिकॉनचे डाग आणि मे महिन्याची धूळ असे तीन थर होते. एडिंबरोत काचा पुसून पोट भरणारा थोरला भाऊ नेमका सुट्टीवर घरी आलेला असताना त्याच्या हातात वायपर द्यावा, यात भावाचे काही चुकले असे मला वाटत नाही. दुपारी साडेतीनला मी दुकानासमोर उभा राहिलो, वरच्या फ्लेक्सची फडफड पाहिली आणि म्हणालो, "आज वारा आहे. काचा उद्या."

"दादा, एवढ्या वाऱ्याला काय होतंय? शिडी धरायला मी आहे की."

शेजारी उभा असलेला शाळेपासूनचा मित्र अधिक स्पष्ट बोलला. "तिकडं जाऊन लई नाजूक झालास बे."

हे मला लागले, कारण माझ्या कामाबद्दल मी आधीच थोडा हळवा आहे. बायको तिथल्या रुग्णालयात परिचारिका आहे आणि मी तिच्या व्हिसावर गेलो. पतसंस्थेतली कारकुनी मागे ठेवून तिकडे बादली उचलली. नातेवाइकांना मी बरीच वर्षे 'इमारतींच्या मेंटेनन्समध्ये आहे' एवढेच सांगत असे. वास्तविक स्कॉटलंडमध्ये खिडक्या पुसायला १९८२ च्या कायद्याखाली नगरपालिकेचा परवाना काढावा लागतो. शिडी घेऊन लोकांच्या खिडकीशी जाणारा माणूस कोण आहे, हे त्यांना आधी माहीत असावे लागते. तो परवाना मी घरात अभिमानाने दाखवला तेव्हा सर्वांना हसू आवरेना, आणि खरे सांगायचे तर पहिल्यांदा अर्ज भरताना मलाही हसू आले होते.

पण वाऱ्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो मला आठ वर्षे जवळजवळ रोज सकाळी पडतो, आणि त्यातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट अशी की ज्या देशात प्रत्येक गोष्टीला नियम आहे, तिथे याचा आकडा कुठेही लिहिलेला नाही. उंचीवरील कामाची ब्रिटनची नियमावली २००५ ची आहे. तिचे पहिले म्हणणे असे की उंचीवर चढणे टाळता येत असेल तर टाळा. आणि हवामानाबद्दल ती एवढेच सांगते की काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेला बाधा येत नसेल, तेव्हाच उंचीवरचे काम करावे. बाधा येते की नाही हे कोणी ठरवायचे? ज्याने ठरवायचे त्याचीच त्या दिवशीची मजुरी बुडणार असते. माणसाला उचलणाऱ्या यंत्राच्या पाळण्यावर निदान छापलेले तरी असते. बाहेर वापरायच्या बहुतेक यंत्रांना सेकंदाला १२.५ मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर, ही मर्यादा असते. माझ्या कार्बन फायबरच्या पोलवर, म्हणजे खाली उभे राहून वरच्या काचा धुवायच्या लांब काठीवर, असे काही छापलेले नाही. खरे तर पोलमुळे मी जमिनीवरच उभा असतो, त्यामुळे वारा आला तरी काय, असे नवख्याला वाटते. मलाही वाटले होते.

पोल तिसऱ्या मजल्यापर्यंत लांबवला की त्याचे टोक नऊ-दहा मीटरवर जाते. टोकाला ब्रश, आतून पाण्याची नळी, आणि खाली ते सगळे तोलणारे दोन हात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो, आणि त्या लांबीमुळे टोकावरचा धक्का मनगटात येतो तेव्हा ब्रश आपल्या ताब्यात राहिलेला नसतो. जवळून विजेची तार जात असेल तर कार्बन फायबरमधून वीज वाहते, ही भीती वेगळीच. म्हणून मी स्वतःपुरते आकडे ठरवून टाकले आहेत: ताशी ३० किलोमीटरच्या वर दुसऱ्या मजल्याच्या पुढे जायचे नाही, आणि झोत ५० च्या घरात जाऊ लागले की पोल गाडीतून काढायचाच नाही. ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्यूफर्ट याने १८०५ मध्ये वाऱ्याच्या पायऱ्या बांधल्या. पुढे जमिनीवरच्या खुणांवरूनही त्या ओळखू लागले. सुटे कागद आणि धूळ उडू लागली की चौथी पायरी, छत्री सांभाळणे कठीण झाले की सहावी. (सोलापुरात मे महिन्यात धूळ पहिल्याच पायरीला उडते, त्यामुळे ब्यूफर्टसाहेबांचा इथे फारसा उपयोग नाही.)

वादळाचा दिवस उलट सोपा असतो. २४ जानेवारी २०२५ ला 'इओविन' वादळ आले तेव्हा लाल इशारा होता, स्कॉटलंडच्या रेल्वेगाड्या बंद होत्या, आणि काचा पुसायच्या की नाही असे कोणी विचारलेही नाही. अडचण होते ती ३५ किलोमीटरच्या दिवशी. ऊन असते, गिऱ्हाइकाला झुळूक वाटते, आणि दोन इमारतींच्या बोळात तीच झुळूक दीडपट होऊन येते. तरीही तिथला वारा एका बाबतीत प्रामाणिक आहे: तो अटलांटिकवरून येतो, दोन दिवस आधी कळवून येतो आणि दिवसभर साधारण सारखाच राहतो. आपल्या वळवाचे तसे नाही. सकाळी पान हलत नाही, दुपारी जमीन तापली की वारा सुटतो, आणि ढगातून खाली कोसळणारी थंड हवा पाच-दहा मिनिटांत धुळीची भिंत घेऊन अंगावर येते. वर्तमानपत्रात 'ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने वारे' छापून येते, पण कोणत्या पेठेत आणि किती वाजता, हे कोण सांगणार? शिडीवरच्या माणसाला उतरायला तेवढा वेळ मिळेलच असे नाही. हे मी भावाला समजावत होतो, तोवर त्याने एका रंगाऱ्याच्या हाताखालची दोन पोरे बोलावली होती.

ती चढली. ॲल्युमिनियमची शिडी, खालच्या फरशीवर पाय घसरू नयेत म्हणून पोते, बादलीत शाम्पूचे पाणी. मी खाली शिडी धरून उभा राहिलो, कारण दुसरे काही करणे मला शक्य नव्हते. काही झाले नाही. पाऊण तासात ती उतरली, पैसे घेतले आणि चहा पिऊन गेली. मित्राने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी विसरणार नाही. फक्त काच मात्र पाहण्यासारखी झाली होती: गरम वाऱ्यात साबणाचे पाणी वायपर फिरायच्या आतच वाळलेले, ओल्या काचेवर बसलेली धूळ, आणि तिच्यात वरपासून खालपर्यंत वायपरच्या रेघा. मला थोडे बरे वाटले, हे कबूल करतो.

एक गोष्ट मात्र मी त्या वादात सांगितली नाही. तिथे दुसऱ्या वर्षी अशाच एका दिवशी, ठरलेली चार घरे बुडू नयेत म्हणून, मी बाहेर पडलो होतो. झोत आला, ब्रश खिडकीवरून सरकला आणि दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावरची कुंडी खाली पदपथावर फुटली. पदपथावर कोणी नव्हते. वरच्या म्हाताऱ्या बाईंनी रागावण्याऐवजी खाली येऊन माझ्याबरोबर माती गोळा केली आणि कुंडीचे पैसे घेतले नाहीत. तेव्हा माझी काळजी तिकडच्या शिस्तीतून आली असे जे मी सर्वांना भासवतो, ते तितके खरे नाही. आणि आज 'काचा उद्या' म्हणायला मला परवडते, कारण घरात बायकोचा पगार येतो. त्या दोन पोरांच्या घरात असा पगार कोणाचा येत असेल, हे मी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला आम्ही पुन्हा दुकानाशी होतो. फ्लेक्स हलत नव्हता. तिथे मी क्षार पूर्ण काढलेल्या पाण्याने धुतो, त्यामुळे काच पुसावी लागत नाही, नुसती वाळते. इथे पाणीच चार-पाच दिवसांआड येते, तेव्हा दोन जारचे पाणी विकत आणले आणि जुन्या पद्धतीने फडके, वायपर, फडके असे करत गेलो. लोकांच्या खिडक्यांवर मी तिकडे दिवसाला किती पाणी सोडतो, हे आईसमोर बोलण्याची हिंमत झाली नाही. आण्णा खुर्ची टाकून खाली बसले होते. त्यांची तीस वर्षे यंत्रमागावर गेली. बराच वेळ काही न बोलता पाहत होते, मग भावाकडे वळून म्हणाले, "आम्ही मागावर उन्हाळ्यातसुद्धा पंखा लावत नव्हतो. सूत तुटायचं."

भाऊ काही बोलला नाही, शिडी सरकवू लागला.

साडेआठच्या सुमारास फ्लेक्सची एक कड उचलली गेली. वरची उजवीकडची एक काच राहिली होती. मी खाली उतरलो आणि बादली ओतून टाकली. भावाने एकदा काचेकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि वर जाऊन आतल्या बाजूने त्या काचेवर एक फिकट चादर टांगली. मागे उजळ रंग असला की काचेवरची धूळ दिसत नाही, हे त्याला कोणी शिकवले ते मला ठाऊक नाही.