‘पानावर कुठे आहे?’

नववीच्या वर्गात स्थलांतर आणि राष्ट्रीय ओळख हा विषय सुरू करताना आपल्या शाळेतल्या मराठीच्या बाई पहिल्या तासाला फळ्यावर चारच ओळी लिहीत. ‘प्रतिज्ञा. मूळ भाषा तेलुगू. वर्ष १९६२. लेखक पैडिमर्री वेंकट सुब्बाराव, जिल्हा नलगोंडा.’ रोज सकाळी ‘भारत माझा देश आहे’ म्हणणाऱ्या वर्गाला हे शब्द मराठीतच जन्मले असावेत असं वाटत असे. ज्या तेलंगणातून विणकरांची घरं सोलापूरच्या पूर्व भागात आली, त्याच तेलंगणातल्या माणसाने ते तेलुगूत लिहिले, हे कळल्यावर कन्ना चौकाकडची, तेलुगू घरांतली मुलं आपोआप ताठ बसत. बाई त्यावर काही बोलत नसत. फळा तसाच ठेवून त्या धड्याकडे वळत.

शाळेच्या या स्मरणिकेत आठवणी पुष्कळ येतील. मला बाईंची ही पद्धत पायरीपायरीने नोंदवून ठेवायची आहे, कारण आज मीही भाषा शिकवतो आणि या विषयासाठी याहून भरवशाची वाट मला सापडलेली नाही.

एकूण सहा तास लागतात. त्यातले दोन जोडून हवेत, कारण पस्तीस मिनिटांत वाचन आणि चर्चा दोन्ही बसत नाही. मुलांचे पाच-पाच जणांचे गट करायचे आणि प्रत्येक गटात घरी मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी मुलं मिसळलेली हवीत. सोलापुरात हे सहज जमतं. मुलांना आपापले गट करू दिले की पेठेप्रमाणे गट पडतात आणि चर्चा सुरू होण्याआधीच संपते.

पहिल्या दोन तासांत आधी शब्द. स्थलांतर, देशांतर, विस्थापन, निर्वासित, परागंदा, उपरा, बाहेरचा, गाववाला. वहीत तीन रकाने आखायचे: माणूस स्वतःला काय म्हणवतो, शेजारी त्याला काय म्हणतात, सरकारी कागद त्याला काय म्हणतो. शब्द कुठल्या रकान्यात जातो यावर वाद होतो, तो होऊ द्यावा. ‘निर्वासित’ तिसऱ्या रकान्यात सहज बसतो, पण ‘बाहेरचा’ पहिल्या रकान्यात कुणीच लिहीत नाही. हे मुलांच्या आपणहून लक्षात येतं.

इथे एक घोटाळा हमखास होतो. मुलं स्थलांतर आणि देशांतर एकच समजतात. त्यासाठी नकाशा लागतो, आणि तो १९४७ च्या आधीचा लागतो. सोलापूर ब्रिटिश मुलखात, तुळजापूर-नळदुर्ग निजामाच्या राज्यात, अक्कलकोट स्वतंत्र संस्थान. आज एसटीने तासाभरात जिथे पोहोचतो, तिथे जाताना आपल्या पणजोबांना राज्याची हद्द ओलांडावी लागत होती. करीमनगरहून माग घेऊन आलेलं घर आणि नळदुर्गाकडून गिरणीत कामाला आलेलं मराठी घर, दोन्ही निजामाच्या मुलखातूनच आलेली. हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात आलं. म्हणजे माणसं आधी आली आणि हद्द मागाहून पुसली गेली. हा मुद्दा नकाशावर बोट ठेवूनच सांगायला हवा, नुसत्या तोंडी सांगण्याने तो मुलांना पटत नाही.

मग संविधानाचं एक पान. कलम १९ मध्ये भारतभर मुक्तपणे फिरण्याचा आणि कुठेही राहण्याचा, स्थायिक होण्याचा हक्क आहे. नागरिकत्व कलम ५ ते ११ मध्ये आहे. कलम ६ पाकिस्तानातून आलेल्यांबद्दल, कलम ७ तिकडे गेलेल्यांबद्दल. हे वाचायला दहा मिनिटं पुरतात. याहून जास्त ताणलं की तो नागरिकशास्त्राचा तास होतो आणि मुलं पाठांतराला लागतात. एवढं मात्र कळलं पाहिजे की नागरिक ठरवायला कायद्याला तारीख लागते, आणि आपलेपणा तारखेने ठरत नाही. दोन्ही खरं आहे आणि दोन्हींची गल्लत करायची नाही.

तिसरा-चौथा तास जोडून घ्यायचा, सआदत हसन मंटो यांच्या ‘टोबा टेकसिंग’ या उर्दू कथेसाठी. मोठ्याने वाचायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. वाचन शिक्षकानेच करावं. मुलांना आळीपाळीने वाचायला दिलं की ती अडखळतात आणि कथेचा धागा सुटतो. फाळणीनंतर दोन-तीन वर्षांनी दोन्ही देश वेड्यांची अदलाबदल करायचं ठरवतात, लाहोरच्या वेड्यांच्या इस्पितळात पंधरा वर्षं उभा असलेला बिशनसिंग आपलं गाव टोबा टेकसिंग कुठे गेलं एवढंच विचारत राहतो.

वर्ग पहिल्यांदा हसतो तो बिशनसिंगच्या अर्थहीन बडबडीला. हसू द्यावं. मग त्या बडबडीच्या फक्त शेवटाखाली पेन्सिलीने रेघ मारायला सांगावी. आधी शेवटी ‘लालटेन’ आहे. पुढे त्या जागी पाकिस्तानचं सरकार येतं आणि त्यानंतर टोबा टेकसिंगचं सरकार. बाकी बडबड जवळपास तशीच राहते, बदलते ती एवढी एक जागा, आणि तीच त्याच्या काळजीची जागा आहे. तीन रेघा एकाखाली एक दिसल्या की वर्गातलं हसू आपोआप थांबतं. ‘वेड्यांना हसू नये’ असं कितीही सांगितलं तरी जे होत नाही, ते या तीन रेघांनी होतं.

त्यानंतर गटांनी आणखी एक तक्ता करायचा: ‘टोबा टेकसिंग कुठे आहे?’ या प्रश्नाला कोण काय उत्तर देतं. स्वतःला देव म्हणवणारा वेडा म्हणतो, कुठेच नाही, कारण मी अजून हुकूम दिलेला नाही. जुना मित्र फजलदीन आधी म्हणतो, जिथे होतं तिथेच आहे, आणि मग पाकिस्तान की हिंदुस्थान यात गडबडतो. शेवटी हद्दीवरचा अधिकारी हसून ठाम उत्तर देतो. सगळ्यांत ठाम उत्तर ज्याच्याकडे आहे, त्याचं त्या गावाशी काही नातं नाही. हा निष्कर्ष शिक्षकाने सांगायचा नाही, तक्ता पुरा होईपर्यंत थांबायचं. थांबणं अवघड जातं, मला अजूनही जातं.

या चर्चेला एकच नियम. प्रत्येकाने आपलं वाक्य पानावरच्या एखाद्या ओळीपासून सुरू करायचं. कुणी घोषणेच्या सुरात बोलू लागलं, या बाजूने किंवा त्या बाजूने, तर बाई शांतपणे विचारत, “पानावर कुठे आहे?” त्या आवाज चढवत नसत आणि समजूतही घालत नसत. ओळ सापडली तर मुद्दा राहायचा, नाही सापडली तर पुढच्याची पाळी. या एका प्रश्नामुळे वर्गातल्या कुठल्याही मुलाच्या जातीधर्मावर बोट न ठेवता फाळणीवर बोलता येत असे.

‘बाहेरून माणसं आली की मजुरी पडते,’ असं म्हणणारा मुलगा दर वर्षी असतोच. त्याला दटावणं ही सगळ्यांत मोठी चूक. तो गप्प होतो आणि तेच वाक्य मधल्या सुट्टीत दुप्पट जोराने म्हणतो. त्याला विचारायचं: कुठलं काम, कुठल्या वर्षी, कुणाची मजुरी? यंत्रमागाच्या कारखान्यात मजुरी कशी ठरते हे वर्गातल्याच कुणाच्या तरी वडिलांना ठाऊक असतं, त्यांच्याकडून माहिती आणायची. मत बदललं नाही तरी चालेल, पण त्या मतामागे काय आहे ते वहीत उतरलं पाहिजे.

पाचव्या तासाआधीचा गृहपाठ नाजूक आहे. ‘तुमचं कुटुंब मूळचं कुठलं?’ हा प्रश्न चुकूनही द्यायचा नाही. तो दिसतो साधा, पण काही मुलांनाच उभं करतो आणि बाकीच्यांना प्रेक्षक बनवतो. त्याऐवजी तीन प्रश्न: घरातली सर्वांत जुनी वस्तू कोणती आणि ती कुठून आली? आजी पैसे कुठल्या भाषेत मोजते? घरातलं कोण लग्न होऊन, कामासाठी किंवा दुष्काळामुळे दुसऱ्या गावाहून आलं? तिसऱ्या प्रश्नाला प्रत्येक घरात उत्तर आहे, कारण प्रत्येक घरात सासरी आलेली बाई आहे. वाड्यातल्या मुलीची आई आणि विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या मुलाची आजी एकाच यादीत येतात. ज्याला घरचं सांगायचं नाही त्याने कथेतल्या पात्राबद्दल लिहावं. ही सवलत कारण न विचारता द्यायची.

स्वातंत्र्यलढ्यातल्या चार हुतात्म्यांचा उल्लेख सोलापुरात टाळून चालत नाही. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी. ही नावं पहिल्या तासातच वाचावीत. शेवटी वाचली तर मुलं लगेच ‘पाहा, एकी होती’ म्हणून वही मिटतात आणि प्रश्न तिथेच मरतो. गाव सोडून गेलेल्यांच्या बाजूसाठी डॉ. कोटणीस आहेत. जन्म सोलापूरचा, १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले. ते कुणाचे, याचं उत्तर दोन वाक्यांत लिहायला सांगावं.

सहाव्या तासाला दीडशे शब्दांचं लेखन. विषय: गावात आधीपासून राहणाऱ्या माणसाच्या तोंडून, शेजारी नवं बिऱ्हाड आलं त्या दिवसाबद्दल. ‘बिचारे’ हा शब्द वर्ज्य, कारण तो आला की समोरचा माणूस दिसेनासा होतो. मायेपोटी लिहिलेल्या निबंधातही तो चारपाच वेळा सापडतो, म्हणून आधीच बजावून ठेवावं.

तासांची मांडणी दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच करावी. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा सुरू झाली की पट निम्म्यावर येतो आणि गट मोडतात.

वह्या तपासताना शेवटचं वाक्य बहुतेक सगळ्यांचं एकच असतं: विविधतेत एकता. बाई ते खोडत नसत, चूकही म्हणत नसत. लाल पेन्सिलीने त्याखाली रेघ मारून समासात बारीक अक्षरात लिहीत, ‘कुठल्या ओळीवरून?’, आणि वही परत देत.