आहेराची यादी

रविवारी दुपारी जेवून आडवी झालेली आई मध्येच उठून बसली आणि म्हणाली, "त्यांनी आपल्याला काय घातलं होतं रे?"

पुढचं विचारावं लागलं नाही. पत्रिका दोन दिवस फ्रिजवर पडून होती. 2008च्या मे महिन्यात ताईच्या लग्नाला ती मंडळी सहकुटुंब आली होती, आता त्यांच्या मुलीचं लग्न. वही असती तर कपाटातून काढली असती. पण बाबा तेव्हा नुकतेच एमएससीआयटी झालेले. यादी त्यांनी कॉम्प्युटरवर केली.

आणि कॉम्प्युटर माळ्यावर. आईच्या जुन्या पातळाचा झगा घालून बसलेला.

हा आमच्या घरी आला तेव्हा त्याच्या खोलीत चपला घालून जायची बंदी होती. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार, सीपीयूला हळदकुंकू. एवढं सोवळं पाळूनही रोग आला तो फोटोवाल्याकडून आलेल्या पेनड्राइव्हमधून. लावला की लागलाच. पिवळं न्यू फोल्डर दिसायचं, माणूस भाबडेपणानं त्यावर डबल क्लिक करायचा आणि ते फोल्डर नसायचंच, शेपटीला डॉट ईएक्सई ही प्रोग्रामची खूण लपवून बसलेला व्हायरस असायचा. त्याच्याच आगेमागे एक इरसाल किडा फिरत होता. ऑर्कुट, म्हणजे तेव्हाचं फेसबुकच, उघडलं की खिडकी बंद करून चौकट टाकायचा, 'ऑर्कुट इज बॅन्ड, यू फूल' आणि पुढे राक्षसी हसू. ती चौकट बाबांनी चष्मा पुसून दोनदा वाचली. म्हणाले, "ही भाषा सरकारची वाटत नाही."

शेवटी एक दिवस सगळे फोल्डर रिकामे दिसायला लागले. दुरुस्तीवाला म्हणाला, फॉरमॅट मारू. बाबा नाही म्हणाले. "आत आहे ते आत राहू दे." कॉम्प्युटर माळ्यावर गेला. बाबांना जाऊन आता सहा वर्षं झाली.

ताईचा मुलगा यंदा बारावीला आहे. त्यानं झगा काढला, स्क्रू काढले, 40 जीबीची डिस्क उचलून तळहातावर तोलली. "मामा, वीटच आहे ही." तिची ती रुंद पट्टीसारखी केबल बघून तर तो खरंच हरखला. मी सरळ कॉम्प्युटर चालू करायला निघालो होतो, तर माझ्यावर असा ओरडला की मी वायर सोडली. जुनं विंडोज उठवायचं नाही, आपल्या लॅपटॉपच्या विंडोजलाही डिस्क दाखवायची नाही. त्यानं लॅपटॉप पेनड्राइव्हवरच्या उबंटूनं, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्सनं, चालू केला आणि कन्व्हर्टर लावून डिस्क जोडली. डिस्क दोनदा खाकरली, मग फिरायला लागली.

आणि सगळं होतं! एकही फाइल गेली नव्हती. व्हायरसनं खरे फोल्डर फक्त लपवले होते आणि त्यांच्या नावाचे तोतये पुढे उभे केले होते. लिनक्सला ते लपवणं मान्यच नसतं, त्यामुळे खरे-खोटे शेजारी शेजारी दिसत होते. बाबा, आणि खाली बाबा डॉट ईएक्सई. भाच्यानं तोतयाला हातही लावला नाही.

यादी उघडली तर नुसती भेळ. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, मध्येच एखादं उद्गारचिन्ह. "गेली, मामा. खाल्ली." इथे मात्र माझा जन्म कामी आला. म्हटलं, गाढवा, हा शिवाजी फॉन्ट आहे. युनिकोड घरोघरी पोचायच्या आधी मराठी अशीच, इंग्रजी अक्षरांवर मुखवटा चढवून लिहायची. मुखवटाही त्याच डिस्कवर, फॉन्ट्सच्या फोल्डरमध्ये सापडला. तो लॅपटॉपमध्ये बसवला आणि पडद्यावर एकदम नावं उमटली. अण्णा, बेबीमावशी, दूधवाले, वरच्या मजल्यावरचे.

रकाने चार. नाव, गाव, आहेर, शेरा. हा शेरा आम्हाला कुणालाच माहीत नव्हता. 'एसटी चुकली, तरी आले.' 'जेवले नाहीत, विचारावे.' 'स्टीलचा डबा, झाकण सैल.' आई म्हणाली, पहिल्यापासून वाच. मी वाचत होतो आणि ती दर दोन-तीन नावांनी नुसतं "गेले" म्हणत होती. त्यात चहा निवला. भाचा कधीच उठून गेला होता.

ते नाव आलं एकशे चौदाव्या ओळीत. आहेराच्या रकान्यात रेघ. शेरा: 'पाकीट रिकामे निघाले. सांगू नये.'

कुणाला, ते लिहिलं नव्हतं.

आई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मला आठवतंय, लग्नानंतर आठवडाभर पाकिटं फोडायला बाबा एकटेच बसायचे आणि ती आतून नुसती बेरीज विचारायची.

"एक हजार एक घाल," ती म्हणाली. "आणि पाकीट नीट चिकटव."