गेजवरचं शून्य

नवतपा लागला की नागपुरात दुपारी रस्ते ओस पडतात, पण आमची अकरावीची उन्हाळी बॅच नेमकी त्याच वेळी भरते. वायूंच्या दाबाची उदाहरणं चालू होती. घनफळ बदललं नाही तर दाब केल्व्हिन तापमानाच्या प्रमाणात वाढतो, हा गे-ल्युसॅकचा नियम. मागच्या बाकावरचा एक मुलगा वही घेऊन उठला. त्याच्या वडिलांचं पंक्चरचं दुकान आहे.

"सर, उत्तर जुळून नाही राहिलं."

पहाटे ३० अंशांना त्याने टायरमध्ये ३० पीएसआय हवा भरली. दुपारी टायर उन्हात ६० अंशांवर गेलं, तेव्हा गेज ३४च्या जरा वर होता. कुणीतरी सेल्सिअसमध्येच गुणाकार करून ६० काढले. तेवढ्या दाबाला टायर टिकेल का, हे त्या मुलानेच विचारलं. मग ३०३ आणि ३३३ केल्व्हिन घेऊन सगळ्यांचं उत्तर ३३ आलं. गेज खराब असेल, असं दोघंतिघं म्हणाले. "बाबा रोज त्याच गेजवर हवा भरतात," तो ठामपणे म्हणाला. मला त्याचा हट्ट फार आवडला. पुस्तकातलं उत्तर आणि हातातलं मोजमाप यांत त्याने मोजमाप सोडलं नाही.

मी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: गेज शून्य दाखवतो, तेव्हा टायरमध्ये हवा नसते का?

बराच वेळ फक्त कूलरचा आवाज. मग एक मुलगी म्हणाली, "असते ना सर, बाहेरच्या दाबाइतकी."

तिथेच गाठ सुटली. गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो. त्यात वातावरणाचे सुमारे १४.७ मिळवा: ४४.७. त्याला ३३३ने गुणून ३०३ने भागा: ४९.१. पुन्हा १४.७ वजा करा: ३४.४. वर्गात एकच गलका झाला. खरं टायर तापल्यावर किंचित फुगतं, म्हणून दशांशापर्यंत मेळ बसेलच असं नाही, हेही मी सांगितलं.

तापमानात २७३ मिळवायचं मुलं पाठ करतात, दाबाचं शून्य कुठलं हे मात्र त्यांना कुणी विचारत नाही. आमच्या छापील उदाहरणांत दाब आधीच निरपेक्ष, म्हणजे वातावरणाचा दाब धरून, दिलेला असतो, आणि मला ते नुकसानीचं वाटतं.

तास संपला तरी तो मुलगा हलेना. "सर, घरच्या गॅस सिलिंडरलेही हेच लागू होईन का?"

नाही. त्यात द्रव असतो. तापल्यावर आणखी द्रवाची वाफ होते, म्हणून तिथला दाब या नियमापेक्षा कितीतरी वेगाने चढतो. बाष्पदाबाचं प्रकरण आम्ही दुसऱ्या दिवशीच काढलं.