एक बादली पाणी आणि पेन्सिलीच्या खुणा

घर घेण्याआधी ते तपासून देणं हा माझा धंदा. शिक्षण स्ट्रक्चरल इंजिनीअरिंगचं, पण पूल आणि धरणं काही माझ्या वाट्याला आली नाहीत. आले ते बाथरूमचे ढाळ, पोकळ वाजणाऱ्या लाद्या आणि रंगाखाली दडवलेली ओल. तक्रार नाही. लोक मला बोलावतात तेव्हा बहुतेकांचं मन आधीच ठरलेलं असतं, मी फक्त मान डोलवायची असते. त्या दिवशीच्या जोडप्याचं मात्र खरोखरच ठरत नव्हतं. एकीकडे नव्या इमारतीतला फ्लॅट, अजून कुणी राहायला न आलेला. दुसरीकडे ३० वर्षांचं बैठं घर, ज्याने बांधलं तो माणूस अजून त्यातच राहत होता. दोन्ही आवाक्यात. नवरा नव्याच्या बाजूने, बायको जुन्याच्या. मी पंच होत नाही हे आधीच सांगून टाकलं. उपयोग होत नाही, पण सांगते.

सकाळी नवा फ्लॅट पाहिला. दार उघडताच नव्या घराचा तो वास आला, रंगाचा आणि ओल्या सिमेंटचा. नवऱ्याचा चेहरा खुलला. मी भिंतीला ओल मोजायचं यंत्र लावलं, आकडा बराच वर गेला, आणि तोच चेहरा पडला. "गळती?" त्याने विचारलं. गळती नव्हती. काँक्रीट, विटकाम, प्लास्टर या सगळ्यांत बांधताना भरपूर पाणी जातं आणि ते बाहेर पडायला महिने लागतात. काँक्रीटची ताकद २८ दिवसांची धरतात, पण ताकद येणं वेगळं आणि वाळणं वेगळं. इंचभर जाडी वाळायला साधारण महिना, असा आमच्यात एक ढोबळ हिशेब आहे. भिंती पुरत्या वाळायच्या आत वर चकचकीत रंग मारला की पहिल्याच वर्षी पोपडे धरतात, आणि बिचारा घरमालक गळती शोधत बसतो. बीम आणि भिंत यांच्या सांध्यावर एक आडवी बारीक रेघ होती, त्यावरूनही नवरा घाबरला. काँक्रीट आणि वीट वेगवेगळ्या मापाने आकसतात, त्या सांध्यात प्लास्टरखाली तारेची जाळी नीट लावली नाही की अशी रेघ उमटते. दिसायला वाईट, बाकी काही नाही.

मग बाथरूम. माझ्याकडे हजारोंची यंत्रं आहेत, पण बाथरूमसाठी मी बादली वापरते. एक बादली पाणी मधोमध ओतलं आणि तिघंही बघत उभे राहिलो. पाणी आधी गोल पसरलं. मग कोपऱ्यातल्या जाळीकडे जायचं सोडून, जणू बाहेर काही काम असल्यासारखं, दाराकडे सरकू लागलं आणि उंबऱ्याच्या दगडाला टेकून थांबलं. जाळी कोरडी ठणठणीत. लादीवाल्याने जाळीकडे मीटरला सव्वा-दीड सेंटिमीटर तरी ढाळ द्यायला हवा होता, इथे उलटा दिला होता. काठीने ठोकून पाहिलं तर दाराजवळच्या ओळीतल्या ५ लाद्या पोकळ वाजल्या.

"उंबरा आहे ना पण," नवरा म्हणाला.

बायको काही बोलली नाही. ती दाराच्या चौकटीला टेप लावून उभी होती. मला तेव्हा वाटलं, फर्निचरचं माप घेत असेल.

निघता निघता सवयीने कव्हर मीटर काढला. काँक्रीटच्या आत सळई किती खोल आहे ते हे यंत्र वरूनच सांगतं. बाल्कनीच्या तोंडावरच्या बीमला प्लास्टर नव्हतं, नुसता रंग होता. तळाशी यंत्र फिरवलं आणि आकडा आला ९ मिलिमीटर. पुन्हा फिरवलं. ९, १०, ९. बीमच्या रिंगा, म्हणजे मुख्य सळयांभोवती गुंडाळलेल्या बारीक सळया, जवळजवळ कातडीखालीच होत्या. ओतकामाच्या वेळी कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई साच्यापासून दूर धरणारे ठोकळे, सरकले असणार किंवा घालायचेच राहिले असणार. आकडा वहीत लिहिला, त्यावर बोलले काही नाही. तो आकडा संध्याकाळी इतका बोलेल याची कल्पना नव्हती.

दुपारी जुनं घर. मालक वयस्कर, एकटे, आणि मी तपासायला आलेय म्हटल्यावर थोडे ताठच. विजेचं काम झटकन आटोपलं: अर्ध्या सॉकेटना अर्थिंग नाही, वायरिंग सगळं बदलायचं. नळाचे लोखंडी पाइप आतून गंजाने इतके भरलेले की दोन नळ एकदम सोडले तर दुसऱ्याची धार करंगळीएवढी. हे दोन खर्च पक्के. ते मी निकालात धरत नाही, कारण ते दिसतात आणि मोजता येतात.

मला खटकलं ते मागच्या खोलीचं छत. घरभर रंग जुना, मळकट, आणि त्या एकाच छताला ताजा पांढरा. विकायच्या वेळी एकच छत रंगवलेलं दिसलं की माझे कान टवकारतात. त्याच खोलीच्या भिंतीवर, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली भेग होती, नखाची कड जाईल एवढी. तिरकी भेग म्हणजे पाया खचल्याची शंका. मी त्या जोडप्याकडे वळून "इथे जरा गडबड" एवढं म्हटलं असेन-नसेन, तोच मागून आवाज आला.

"मॅडम, जरा जवळ जाऊन बघा."

जवळ गेले. भेगेच्या वरच्या टोकाला पेन्सिलीची आडवी रेघ, शेजारी बारीक अक्षरात १९९७. तिच्या वर दोन बोटांवर दुसरी रेघ, १९९९. मग त्याच दुसऱ्या रेघेला चिकटून, एकाखाली एक: २००४, २००९, २०१५, २०२१. म्हणजे घर झाल्यावर पहिली काही वर्षं भेग वाढली आणि मग तिथेच थांबली. घर जमिनीवर बसलं, एवढाच त्याचा अर्थ. माझ्याकडे भेगांवर चिकटवायच्या काचेच्या पट्ट्या असतात, आणि त्या लावून मी लोकांना सहा महिने थांबा म्हणते. या माणसाने एका पेन्सिलीवर दोन दशकांहून जास्त थांबून दाखवलं होतं. मी "गडबड" हा शब्द परत घेतला, सगळ्यांसमोर.

आणि छत? त्यांनी कपाटातून वही आणली. गच्चीवरची टाकी वाहून पाणी मुरलं होतं, कधी, काय केलं, कुठला भाग खरवडला, सगळं लिहिलेलं. रंग मात्र विकायचं म्हणूनच दिला होता, तेही कबूल केलं. "डाग बघून लोक दारातूनच परत जातात हो."

त्यांच्या परवानगीने कोठीच्या स्लॅबला एक लहानसा टवका काढला, धूळ फुंकली आणि ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन फवारलं. निरोगी काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्यावर हे द्रावण गडद गुलाबी होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड जिथपर्यंत शिरून ती अल्कता मारतो, तिथपर्यंत रंग येत नाही. आणि ही बिनरंगी पट्टी सळईपर्यंत पोचली की सळईचं कवच जातं, पाणी मिळालं की गंज धरतो, गंजलेलं लोखंड फुगतं आणि काँक्रीटच्या खपल्या पाडतं. आम्ही चौघं माना वर करून बघत होतो. गुलाबी रंग उमटला. बिनरंगी पट्टी मोजली, १२ मिलिमीटर. सळई २० वर.

संध्याकाळी गाडीत बसून हिशेब मांडला. ही पट्टी सरळ हिशेबाने पुढे सरकत नाही, दुप्पट खोल जायला चौपट काळ घेते. ३० वर्षांत १२ मिलिमीटर, तर २० पर्यंत पोचायला एकूण ८३ वर्षं, म्हणजे अजून ५३. मग सकाळचा ९ आठवला. तोच वेग धरला तर तिथे १७ वर्षं. पावसाला उघड्या बीमवर.

आता खरं सांगायचं तर दोन्हींचं काँक्रीट वेगळं, एका जागेच्या टवक्यावरून अख्ख्या घराचं भविष्य सांगू नये, आणि नव्या बीमवर संरक्षक लेप देऊन ते ९ मिलिमीटर सावरता येतात. हे सगळं मी अहवालात लिहिलंच. पण गाडीत बसून मी ते दोन आकडे बराच वेळ बघत राहिले. इतक्या वर्षांच्या कामात नव्या घराचं लोखंड जुन्याच्या आधी गंजेल असं कागदावर पहिल्यांदाच उतरलं होतं. मनातून मी जुन्याच्या बाजूला गेले होते.

फोन करून दोघांना सांगितलं. बायको गप्प राहिली. मला वाटलं खूश होईल, तिचंच तर घर जिंकत होतं.

"त्या जुन्या घरातल्या बाथरूमचं दार ६१ सेंटिमीटर आहे," ती म्हणाली. "आईची व्हीलचेअर ६५."

मग कळलं ती दोन्हीकडे काय मोजत होती. पायऱ्या नाहीत म्हणून तर तिला ते बैठं घर हवं होतं. मी म्हटलं, दार मोठं करता येईल, भिंत भार घेणारी आहे, पण वर लिंटेल, म्हणजे दारावरची आडवी तुळई, घालून करता येतं. ती म्हणाली, दाराचं होईल, आतल्या रुंदीचं काय? माझ्याच वहीत होतं, १ मीटर २०. खुर्ची वळायला दीड मीटरचा घेर लागतो. तीनही बाजूंना भार घेणाऱ्या भिंती.

त्यांनी नवा फ्लॅट घेतला. माझ्या अहवालाचं पान जोडून बिल्डरला लेखी दिलं: बाथरूमची लादी उखडून ढाळ नव्याने, बीमवर लेप, आणि एक गोष्ट माझ्या यादीत नसलेली, बाथरूमचा उंबरा काढायचा. खुर्चीला उंबरा चालत नाही. आणि उंबरा नसेल तर ढाळाची चूक थेट हॉलमध्ये जाणार. बिल्डरच्या माणसाने दोनदा टाळलं, तिसऱ्यांदा केलं.

महिन्याभराने ताबा घेण्याआधी त्यांनी मला परत बोलावलं. मी यंत्रांची पेटी गाडीतच ठेवली आणि नुसती बादली घेऊन वर गेले. या वेळी बायकोनेच ती माझ्या हातातून घेतली आणि ओतली, जरा जास्तच जोरात. पाणी दारापर्यंत आलं, तिघांनी श्वास रोखला, आणि मग ते वळलं. शेवटचा ओघळ जाळीत जाईपर्यंत आम्ही बघत होतो. नवऱ्याने खिशातून पेन्सिल काढली, बीमखालच्या त्या बारीक रेघेच्या टोकाशी खूण केली आणि शेजारी तारीख लिहिली.