कॅम्परच्या छतावरचा अँटेना

गाडीत नेट चांगलं चालतं म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "कोणता बूस्टर लावलात?" २०२१ मध्ये राज्याचं कॅराव्हॅन धोरण आलं, त्यानंतर हौसेनं गाडी बांधून घेणारे बरेच जण भेटू लागलेत, आणि उभ्या उभ्या सांगून होईल असं हे उत्तर नाही. म्हणून बसून सविस्तर लिहितो.

आमच्या गाडीत बूस्टर, म्हणजे टॉवरचा सिग्नल पकडून वाढवणारं यंत्र, नाही. खासगी माणसानं मोबाइलचा बूस्टर किंवा रिपीटर बसवणं आपल्याकडे बेकायदा आहे. टॉवरच्या लहरी ज्या कंपन्यांना परवान्यानं मिळाल्या आहेत, त्याच कंपन्या असं यंत्र लावू शकतात. २०२२ मध्ये दूरसंचार विभागानं हे पुन्हा जाहीर सांगितलं आणि ऑनलाइन विक्री करणाऱ्यांनाही ताकीद दिली. अमेरिकेतले व्हिडिओ बघून आपल्याकडचे लोक गोंधळतात. तिथे एफसीसीनं, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकानं, २०१३ मध्ये नियम करून ठरावीक बनावटीचे बूस्टर सामान्य ग्राहकाला वापरू दिले, तेही कंपनीकडे नोंदणी करून. तिथलं मॉडेल मागवून इथे लावलं तर तो परवाना काही सोबत येत नाही.

माझा भाचा म्हणाला, "मामा, लावून टाका हो, कोण बघायला येतंय?" मी एमटीएनएलमध्ये केबल जॉइंटर होतो. उभी नोकरी मुंबईच्या फुटपाथखाली गेली. एका ओल्या जॉइंटमुळे अख्ख्या गल्लीच्या फोनवर खरखर आलेली मी पावसाळ्यात कितीदा ऐकली आहे, त्यामुळे "कोण बघतंय" हे मला पटतच नाही. बूस्टर आपला आवाज वाढवतो तसा गोंगाटही वाढवतो आणि सगळं टॉवरकडे पाठवतो. टॉवरचा कान त्या गोंगाटानं भरला की त्याच टॉवरवरच्या गावातल्या लोकांचे कॉल तुटतात. त्यात कॅम्पर जेमतेम सहा मीटरची. बाहेरचा अँटेना आणि आतला अँटेना एकमेकांपासून लांब ठेवायला जागाच नाही. मग माइक स्पीकरसमोर धरल्यावर जशी शिट्टी वाजते, तसं ते यंत्र स्वतःचंच ऐकून ओरडायला लागतं.

आम्हाला नेट लागतं ते सौ.साठी. ती संध्याकाळी ऑनलाइन पेटी शिकवते. शिष्य ठाण्यातले आहेत तसे परदेशातलेही आहेत. क्लास बुडवायचा नाही, या एकाच अटीवर ती गाडीत यायला तयार झाली. तिच्या कामात डाउनलोडला फारसं महत्त्व नाही. तिची बोटं आणि सूर शिष्यापर्यंत पोचले पाहिजेत, म्हणजे अपलोड हवा. आणि अपलोडच आधी मार खातो. टॉवर कित्येक वॉटनं बोलतो, मोबाइल जास्तीत जास्त पाव वॉटच्या आसपास. त्यामुळे फोनवर दांड्या दिसतात, पण शिष्याला बाई थिजलेल्या दिसतात.

आता गाडीचं बघा. चहूबाजूंनी पत्रा. उकाडा नको म्हणून प्लायच्या आत चंदेरी फॉइलचं इन्सुलेशन. लहरींना आत यायला फक्त काचा उरतात. म्हणजे सिग्नल बाहेर असतो आणि आपण डब्यात बसलेलो असतो. तेव्हा अँटेना छतावर, राउटर आत आणि मध्ये शक्य तितकी आखूड वायर, एवढंच करायचं. यात लहरी कोणी वाढवत नाही, त्या वाटेत सांडू द्यायच्या नाहीत. आणि अँटेना दोन्हीकडून काम करतो, त्यामुळे जाणारा आवाजही तितकाच सुधारतो.

सामान लॅमिंग्टन रोडवर घेतलं. ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत गेलं की सुरू होतं ते सगळं. सिम घालायचा राउटर घ्या, पण त्याला बाहेरच्या अँटेनासाठी पितळी तोंडं आहेत का ते आधी बघा. नसतील तर पुढचं सगळं फुकट. परदेशातला राउटर असेल तर बँड ४० आहे का विचारा. २३०० मेगाहर्ट्झचा हा बँड जिओ आणि एअरटेल दोघेही वापरतात. शिवाय बँड ५ आणि बँड ८ हवेतच. ८५० आणि ९०० च्या या लहरी लांब जातात, डोंगराच्या कडेनं थोड्या वळतातही. गावाबाहेर तेच कामाला येतात.

कनेक्टर मात्र डोळ्यांजवळ धरून बघावा. मोबाइलच्या अँटेनाला एसएमए जातीचा कनेक्टर लागतो आणि वायफायच्या अँटेनाला बहुतेक वेळा आरपी-एसएमए. दोघांचे आटे एकच. एकमेकांवर छान घट्ट बसतात. पण एकात मधली पिन असते आणि दुसऱ्यात तिच्या जागी भोक. चुकीची जोडी जमली तर दोन्ही बाजूंना भोकं समोरासमोर येतात, संपर्कच होत नाही, आणि बाहेरून सगळं नीट बसलेलं दिसतं. दुकानातल्या पोऱ्यानं काहीही सांगितलं तरी पिन स्वतः बघा.

वायरीबद्दल माझं मत ठाम आहे. आरजी-५८ ही पातळ वायर स्वस्त मिळते, पण २३०० मेगाहर्ट्झला ती दर मीटरला साधारण एक डेसिबल खाते. पाच मीटर ओढली तर छतावर पकडलेल्या सिग्नलचा जेमतेम तिसरा हिस्सा आत पोचतो. एलएमआर-४०० मध्ये तोटा फारच कमी, पण ती बोटाएवढी जाड आणि आडमुठी. कपाटाच्या कोपऱ्यात वळवता वळत नाही. म्हणून मी राउटरच वर नेला. पलंगावरच्या कपाटात, बरोबर अँटेनाच्या खाली. वायर मीटरभर. पुढे गाडीभर वायफाय राउटर पुरवतोच.

छताला भोक पाडायचं काम कुर्ल्याच्या गॅरेजमध्ये केलं. "चाचा, होल किधर मारने का?" असं गॅरेजवाल्यानं विचारलं तेव्हा जागा मी आधीच खडूनं आखून ठेवली होती: सोलर पॅनलपासून हातभर दूर, छताच्या दोन आडव्या पट्ट्यांच्या मध्ये, सपाट पत्र्यावर. सपाट पत्रा खाली असला की अशा घुमटाच्या अँटेनाला फायदाच होतो. होलसॉनं भोक पाडल्यावर कापलेली कड कानसेनं घासायची, मग गंज रोखणारा रेड ऑक्साइड रंग, तो पूर्ण वाळला की अँटेना, आणि भोवती पॉलियुरेथेन सीलंट. गॅरेजवाला सिलिकॉन मारायला निघाला होता, त्याला थांबवलं. वायरींना आत शिरायच्या आधी खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी आलंच तर तिथून टपकेल, कनेक्टरवर जाणार नाही. उघड्यावरच्या प्रत्येक सांध्याला सेल्फ-फ्यूजिंग रबर टेप ताणून, निम्मी निम्मी चढवत गुंडाळायची. कोकणातली खारी हवा पितळेला सोडत नाही. जेली भरलेल्या केबलींचे सांधे केलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, पण नव्या मंडळींनी यात आळस करू नये.

वीज साधी आहे. राउटर १२ व्होल्टचा, पण लिथियम बॅटरी चार्ज होताना १४ च्या वर जाते. मध्ये व्होल्ट १२ वर ठेवणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर आणि छोटा फ्यूज टाका, इन्व्हर्टर चालू ठेवायची गरज नाही.

फरक कोकणात अंजर्ल्याला मोजला. दारं लावून आत धरलेल्या फोनवर आरएसआरपी, म्हणजे टॉवरच्या सिग्नलचा जोर, उणे १११ होता (उणे आकडा शून्याकडे येईल तितका चांगला), छतावरच्या अँटेनातून राउटरला उणे ९९ मिळाला. उणे ११० च्या खाली संभाषण तुटायला लागतं. बारा डेसिबलचा फरक म्हणजे साधारण सोळापट शक्ती. तरीही राउटर राहून राहून २३०० वर उडी मारत होता, म्हणून त्याच्या सेटिंगमध्ये तो बँड ५ ला बांधून टाकला. वेग कमी झाला, पण ठरला. सौ.नं त्या संध्याकाळी यमनचा क्लास घेतला आणि शिष्याला एकदाही "ऐकू येतंय का?" विचारावं लागलं नाही. मला वेगाच्या आकड्यापेक्षा ही कसोटी खरी वाटते.

बूस्टरवाले म्हणतात, त्यात साधे कॉलही लागतात. फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा, राउटरच्या नेटवरून कॉल लागतो. सिम मात्र दोन वेगळ्या कंपन्यांची ठेवा, कारण एका गावात एक चालतं आणि घाट उतरला की दुसरं.

रिसॉर्टच्या आवारात मुक्काम असेल तर त्यांचं वायफाय राउटरच्या रिपीटर मोडनं घेता येतं. २.४ गिगाहर्ट्झ आपल्याकडे परवानामुक्त आहे, त्यामुळे तिथे अडचण नाही. भिंतीतून तेच जास्त येतं, ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण लगेच दमतं. अर्थात त्यांचीच लाइन रडत असेल तर छतावरचा अँटेना काय करणार!

आणि जिथे सिग्नलच नाही, तिथे नाहीच. माळशेजमध्ये डोंगराच्या पोटात गाडी लावली की राउटर नुसता शोधत बसतो. तिथे बूस्टर असता तरी त्यानं शून्याचं शून्यच केलं असतं. अशा दिवशी क्लास आधी उरकून घेतो किंवा वर पठारावर येऊन थांबतो. मुक्काम ठरवताना आता मी पाणी आणि सपाट जागा बघतो तसा दुपारीच आरएसआरपी बघून घेतो, कारण अंधारात गाडी हलवायला मला आवडत नाही.